बारा खांबांतला एक

बुडापेस्टमधल्या मोठमोठ्या इमारतींत काल्मान सोम्लाईचं अख्खं आयुष्य गेलं, पण त्यातल्या एकीच्याही पुढच्या दारातून तो कधी आत गेला नव्हता. नाटकघर असो, बँक असो की गरम पाण्याचं स्नानगृह असो, कारागिरांचं दार मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. सकाळी सातला आत शिरायचं, चारला पांढरं भूत होऊन बाहेर पडायचं. काम संपून गालिचे यायला लागले की मुकादम म्हणणार, उद्यापासून येऊ नका. मग ज्यांच्या नखालाही चुना लागला नाही अशी माणसं पुढच्या दाराने येऊन वर माना करून वाहवा करणार. काल्मानला त्याचं वाईट वाटत नसे. त्याचा धंदाच असा होता, की कारागीर दिसला तर काम फसलं म्हणायचं.

तो नकली संगमरवर करायचा. प्लास्टर, हाडांचा सरस आणि रंग एकत्र घ्यायचे, कणकेसारखे मळायचे, वेगवेगळ्या रंगांचे गोळे करून एकमेकांत दाबायचे, सुरीने काप काढायचे आणि विटांच्या खांबावर थापायचे. आठवडेच्या आठवडे वाळू द्यायचं. मग आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ दगडांनी घासत राहायचं, शेवटी तेल आणि मेण. इतकं घासायचं की खांद्याचा सांधा नाही म्हणतो. तेव्हा कुठे त्यात शिरा दिसतात, खोली दिसते, आणि हा दगड डोंगरातून नाही, बादलीतून आलाय, हे सांगूनही कुणाला पटत नाही. त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कुणी जर म्हणालं, वा, काय हुबेहूब नक्कल आहे, तर समज, तू हरलास. आणि जिथे कुणीच काही म्हणालं नाही तिथे तोंड मिटून घरी ये. खूण करायची नाही, नाव कोरायचं नाही, सांगत सुटायचं नाही." काल्मानने हा नियम पंचावन्न वर्षं पाळला. फक्त बायकोपाशी मोडला, आणि तिथे त्याची डाळ कधी शिजली नाही.

कारण गिझेला ही बोल्दिझार पाथरवटाची मुलगी. मोठ्या कबरस्तानाच्या फाटकासमोर बोल्दिझारचं दुकान होतं. खऱ्या दगडाच्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या कबरी तो घडवायचा आणि त्याचा त्याला ताठा होता. जावई काय करतो असं कुणी विचारलं की म्हणायचा, कणीक मळतो. लग्नात काल्मानने नव्या नवरीसाठी स्वतःच्या हाताने लाल शिरांची एक फरशी केली होती, स्वयंपाकघरात पीठ लाटायला. गिझीने मोठ्या हौसेने तिच्यावर लोण्याची बिस्किटं लाटायला घेतली. पण लोण्याच्या पिठाला लागतो गार दगड, आणि ही फरशी मेली ऊब धरून बसणारी. लोणी वितळलं, पीठ चिकटलं, पाहुण्यांसमोर फजिती झाली. पुढच्याच आठवड्यात बोल्दिझार खऱ्या संगमरवराची पांढरी फरशी खांद्यावर घेऊन चार जिने चढून आला. ती कुठल्याशा फसलेल्या कबरीचा तुकडा होती, खालच्या बाजूला अर्धवट कोरलेलं एक अक्षरही होतं. त्या दिवसापासून त्या घरात बिस्किटं कबरीच्या दगडावर लाटली जाऊ लागली आणि काल्मानची फरशी कुठे गेली ते त्याने विचारलं नाही. तळघरात कोळशाच्या ढिगाखाली गेली असणार, असं त्याने मनाशी धरलं.

गिझी मनाने वाईट नव्हती, पण जिभेला हाड नाही म्हणतात ना, तशातली. बाप गेल्यावर बापाचा टोमणा तिने वारशात घेतला आणि नीट सांभाळला. काल्मान एखाद्या नाटकघराच्या जिन्याबद्दल सांगायला लागला की ती ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "हं. म्हणजे पुन्हा कणीकच." चांगलं झालंय असं पन्नास वर्षांत एकदासुद्धा म्हणाली नाही. बघायलाही कधी गेली नाही.

आणि मग 'सोनेरी हंस' आलं.

नदीकाठचं ते थोरलं हॉटेल म्हणजे एकेकाळी राजेरजवाडे उतरायचे ती जागा. दुसऱ्या महायुद्धात शहराला वेढा पडला त्या हिवाळ्यात एक तोफगोळा काचेच्या घुमटातून थेट खालच्या दालनात पडला. दालनात गोल मांडलेले बारा खांब होते, मधासारख्या रंगाचे, खऱ्या संगमरवराचे. त्यातल्या एकाचा चुरा झाला. पुढे तिथे सरकारी कचेरी आली, त्या खांबाच्या जागी कुणीतरी विटांचा ओबडधोबड टेकू उभा केला आणि वर तैलरंग फासला. कचेरी गेली, कबुतरं आली. पुढे एकदाचा कुणी पैसेवाला भेटला आणि ती वास्तू पुन्हा उभी करायचं ठरलं. तसा दगड आता मूळच्या खाणीत मिळत नाही, म्हणून निवृत्त झालेल्या काल्मानला घरी बोलावणं गेलं. तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. त्या एका खांबावर त्याने आठ महिने घालवले. बाकीच्या अकरांतले दहा जाड कापडात गुंडाळलेले, नमुन्यापुरता एक उघडा, आणि मध्ये हा म्हातारा परातीत मध रंगाचे गोळे मळतोय. घरी आल्यावर तो न राहवून गिझीला सांगायचा, "आत शिरलं की उजवीकडून तिसरा. बघच तू."

काम झाल्यावर ठेकेदाराने जुन्या कारागिरांना एकेक छापील कार्ड दिलं. दोन माणसांना एक रात्र, सकाळच्या न्याहारीसकट, मुदत तीन वर्षं. काल्मानने ते भिंतीवरच्या घड्याळामागे खोचलं. पहिल्या वर्षी गिझी म्हणाली, गुडघे दुखतात. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "खोटा दगड बघायला एवढ्या लांब कशाला? खोटे दात घरातच आहेत की." तो हसला आणि कार्ड परत घड्याळामागे गेलं.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी समोर बसून कॉफी पिताना ती म्हणाली, "काय रे, दाढी वाढवलीस का?"

काल्मानने आयुष्यात कधी दाढी वाढवली नव्हती. डॉक्टरने सांगितलं, नजर मधूनच जाते आहे. समोर धुक्याचा डाग, कडेकडेला तेवढं दिसणार, आणि तेही हळूहळू जाणार. उपाय नाही. घरी आल्यावर त्याने घड्याळामागून कार्ड काढलं. मुदतीचे तीन आठवडे उरले होते. त्याला आता आयुष्याकडून एकच हवं होतं. डोळ्यांत जे काही उरलंय तेवढ्याने तिने तो खांब बघावा आणि चांगला आहे म्हणावं. हे तिला सांगायचं त्याचं धाडस झालं नाही. तो नुसता म्हणाला, "गिझी, जाऊ या ना." आणि तिने या वेळी गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

फेब्रुवारीतला दिवस होता, नदीवरून वारा असा यायचा की कान गळून पडतील. गिझीने पिशवीत सॉसेज, पाव, लोणच्याच्या मिरच्या आणि चहाची थर्मास भरली होती, कारण हॉटेलवाले परातीएवढ्या ताटात चमचाभर वाढतात असं तिचं ठाम मत. ट्रामने उतरले आणि काल्मानचे पाय आपोआप मागच्या गल्लीत वळले. कचऱ्याच्या डब्यांपर्यंत जाऊन तो थबकला. त्याचं दारच तिथे नव्हतं. विटांनी बुजवून वरून गिलावा केला होता.

"अरे, पाहुणे आहोत आपण आज," गिझीने त्याची बाही ओढली. "चल पुढून. बघू तरी राजे लोक कसे शिरायचे."

पुढचं दार फिरतं होतं, पितळ आणि काचेचं. बाहेरच्या लांब डगलेवाल्याने टोपी काढून गिझीला म्हाताऱ्या बाईंना करायचा तो हस्तचुंबनाचा नमस्कार घातला. गिझीने पायपुसण्यावर बूट इतके घासले की मागचे लोक खोळंबले. मग दोघं आत आले आणि काल्मान जागीच उभा राहिला.

आठ महिने तो या दालनात राबला होता, पण हे त्याने पाहिलंच नव्हतं. त्याने पाहिली होती परांची, धुळीची पोती, दोरीला टांगलेला एक पिवळा दिवा. आता वर घुमट होता, सगळा काचेचा, मोरपिशी आणि सोनेरी, आणि हिवाळ्यातलं ते आजारी ऊन त्यातून गाळून खाली आलं की श्रीमंत होऊन पडत होतं. फरशीवर रंग सांडले होते. जिना दोन्ही बाजूंनी वर जाऊन मध्ये मिळत होता, कठड्यावर लोखंडी हंस माना वळवून बसले होते. आणि या सगळ्याभोवती गोल धरून ते बारा खांब, ओल्या मधासारखे. काल्मानच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. आपण इथे काम केलं, या इथे, असं तो मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

गिझीला आता एखादी गोष्ट बघायची तर तिच्याकडून तोंड फिरवावं लागे. घुमट बघायला ती जमिनीकडे बघत उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "काल्मान, हे वरती काय पेटलंय?"

"घुमट आहे गं. काचेचा."

"एवढं?" ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "एवढं मोठं?" आणि तिने त्याचा हात घट्ट धरला. असा हात तिने कैक वर्षांत धरला नव्हता.

हॉटेलातली एमेशे नावाची मुलगी नव्या पाहुण्यांना दालन दाखवत होती. गोड मुलगी, पाठ केलेलं सगळं मनापासून सांगत होती. बाराही खांब मूळचे, बाराही इटलीहून होड्यांतून आणलेले, युद्धातूनही जसेच्या तसे वाचलेले, असं तिने सांगितलं. काल्मानची छाती भरून आली. बाराही मूळचे! उस्ताद जिवंत असता तर टोपी काढून उभा राहिला असता. आता फक्त गिझीला उजवीकडून तिसऱ्या खांबापाशी न्यायचं बाकी होतं.

तो उजवीकडे वळला आणि तिथेच थबकला. उजवीकडून तिसरा, पण कुठून आत शिरल्यावर? त्याचं उजवं-डावं मागच्या दारावरून ठरलेलं, आणि ते दार आता आतूनही दिसत नव्हतं. सगळीकडे आरसे, कुंड्या, मखमली पडदे. ते इथे होतं की जिन्यापलीकडे? विटांची भिंत कुठली, आरसा कुठला? चला, जागा नाही तर नाही, काम तर ओळखू येईल. आपल्या पोटचं पोर कोण ओळखत नाही? तो एकेका खांबासमोर जाऊन उभा राहिला. शिरा बघितल्या, सांधा शोधला, चकाकी तिरप्या नजरेने तपासली. काही नाही. बाराच्या बारा भावंडं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसाच म्हणत होता, मी तुझा नाहीच. नियम पाळून त्याने खूण केली नव्हती. आठ महिने खपून त्याने स्वतःलाच इतकं नीट पुसून टाकलं होतं.

"कुठला रे तुझा?" गिझीने विचारलं. ती तोंड बाजूला वळवून, कडेच्या नजरेने वाट बघत उभी होती. उद्या हीसुद्धा नजर राहील की नाही, देव जाणे.

काल्मान घाबरला. घाबरलेल्या माणसाला खोटं लगेच सुचतं. समोर होता त्या खांबाकडे बोट करून तो म्हणाला, "हा."

गिझी पुढे झाली. हातमोजा काढून तिने पंजा खांबावर टेकवला आणि तसाच ठेवला, मनातल्या मनात काही मोजत असावी तसा. मग हात काढून घेतला.

"गुळगुळीत आहे," ती म्हणाली. आणि हातमोजा घालून लिफ्टकडे निघाली.

पन्नास वर्षं ज्याची वाट बघितली ते असं आलं. तेही कुणा मेलेल्या इटलीच्या पाथरवटाच्या वाट्याला. खोली राजवाड्यासारखी होती, खिडकीत अख्खी नदी होती, न्हाणीघरातला टॉवेल गरम होऊन टांगलेला होता. गिझीने त्यात तोंड खुपसून घेतलं आणि पुरे म्हणून बाहेर येईना. दोघांनी गादीवर पेपर पसरून सॉसेज आणि पाव खाल्ला. ती मजेत होती. घुमट कसा पेटला होता ते काल्मानलाच सांगत होती, जणू तो तिथे नव्हताच. काल्मानच्या घशाखाली मिरचीसुद्धा उतरली नाही. खरं सांगावं तर मूर्ख ठरणार, न सांगावं तर ती आयुष्याचं शेवटचं बघणं चुकीच्या दगडावर खर्च करून घरी जाणार. अंथरुणात तो कूस बदलत राहिला.

न्याहारी त्याच दालनात होती. सकाळचं ऊन घुमटातून तिरपं येऊन थेट टेबलांवर पडलं होतं. लोक हळू बोलत होते, अशा जागी माणूस आपोआप हळू बोलतो. काल्मानने कॉफीत साखर घातली, ढवळली, पुन्हा साखर घातली आणि मग चमचा खाली ठेवला.

"गिझी, काल मी खोटं बोललो. तो खांब माझा नव्हता. मला माझा सापडतच नाही."

ती पावाला लोणी लावत होती, तशीच लावत राहिली. "माहीत आहे मला," म्हणाली. "तो गार होता."

काल्मानला काही कळलं नाही. तिने सुरी ठेवली, तोंड पुसलं आणि उठली. सगळ्या दालनासमोर, खाणाऱ्या-पिणाऱ्या त्या झकपक लोकांमधून, ही लोकरी जाकीट घातलेली म्हातारी टेबलांना हात लावत पहिल्या खांबापाशी गेली आणि तिने पंजा टेकवला. डोकं हलवलं. दुसऱ्यापाशी गेली. तिसऱ्यापाशी एक गृहस्थ पेपर वाचत बसला होता, त्याच्या खांद्यावरून हात घालून तिने खांब चाचपला. त्याने चमकून वर पाहिलं, तर ही पुढे. काल्मान मागोमाग निघाला, शरमेने लाल झालेला, आणि तरी थांब म्हणू शकला नाही. पाच. सहा. सात. आठव्यापाशी ती जास्त वेळ थांबली, पण तो खांब उन्हात होता. ती तिथून सावलीच्या बाजूला सरकली, चाचपलं आणि पुन्हा डोकं हलवलं.

दहावा खांब जिन्यामागे, सावलीत होता. तिने पंजा ठेवला. मग दुसराही ठेवला. मग या बाईने, जिला उभ्या आयुष्यात कुणी हळवी म्हटलं नसतं, त्या खांबाला गाल लावला.

"हा," ती म्हणाली.

काल्मानने हात लावला. ऊब अशी नव्हे, पण इतर अकरा जसे हातातली ऊब ओढून घेत होते तसा हा घेत नव्हता. त्याने पंचावन्न वर्षं हे काम केलं होतं आणि प्रत्येक वेळी घासलं, डोळ्याने तपासलं. हात टेकवून नुसतं उभं राहायला त्याला कधी वेळच झाला नव्हता.

"तुला कसं कळलं गं?"

"मला नाही कळणार?" गिझी म्हणाली. तिचा गाल अजून खांबालाच होता. "ती तुझी फरशी. बिस्किटं नाही होत तिच्यावर, पण रविवारच्या वेणीपावाचं पीठ फुगायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. बाबांच्या दगडावर ठेवलं की मरायचं. पन्नास वर्षं कोठीत पिठाच्या पेटीमागे आहे ती, पंच्यात गुंडाळलेली. तू कधी कोठीत डोकावलास तर दिसेल ना."

काल्मानने पन्नास वर्षं दर रविवारी तो पाव खाल्ला होता. असा पाव अख्ख्या पेश्त भागात कुणाचा होत नाही, असं तो जगाला सांगत फिरला होता.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बाबा होते ना," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि नंतर सवय झाली."

इतक्यात एमेशे लगबगीने आली. नेनींना, म्हणजे आजीबाईंना, चक्कर आली का, खुर्ची आणू का, पाणी आणू का, असं विचारायला लागली. कोपऱ्यातल्या टेबलांवरचे लोक वळून बघत होते. काल्मानच्या जिभेवर आलं होतं, सांगून टाकावं एकदाचं. पण गिझीने त्याचं मनगट धरलं.

"काही झालं नाही गं पोरी," ती म्हणाली. "खांब बघत होते. हा फार चांगला आहे."

"सगळेच सारखे आहेत, नेनी," एमेशे हसून म्हणाली. "बाराच्या बारा इटलीचे."

"हो ना," गिझी म्हणाली. "सारखेच आहेत. आता कुणाला जमणार असं काम?"

आणि तिने काल्मानचं मनगट दाबलं, दुखेपर्यंत. खिशातून रुमाल काढून त्याने मोठ्याने नाक शिंकरलं, इतकं मोठ्याने की पेपरवाल्या गृहस्थाने पुन्हा वर पाहिलं. एमेशे त्यांच्यासाठी गरम कॉफी आणायला गेली. ती दोघं मात्र आणखी बराच वेळ जिन्यामागे, त्या खांबाला हात टेकवून उभी होती.